ठाकुर्लीचा तक्ता

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी ठाकुर्लीच्या रेडिओवाल्या काकांचं नाव घेतो. त्यांचं खरं नाव इथे लिहिलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. त्या काळी स्टेशनबाहेर ‘रेडिओवाले काका’ एवढं म्हटलं की माणसं फाटकाजवळच्या दुकानाकडे बोट दाखवायची.

मी मुरबाडचा. वडील शिंपीकाम करायचे. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. ऐंशीच्या दशकात कल्याणच्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला, पण राहायला जागा नव्हती. कोणीतरी सांगितलं की ठाकुर्लीला रेडिओवाल्याच्या दुकानामागे एक खोली आहे. मी गेलो तेव्हा काका एका व्हॉल्व्हच्या रेडिओत तोंड घालून बसले होते. वर न बघताच त्यांनी विचारलं, “काय शिकतोस?”

“फिजिक्स.”

“म्हंजे याचंच शिक्षन,” ते म्हणाले आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “ऱ्हा मग.”

काका तिथलेच, आगरी. वडिलांची खाडीच्या बाजूला भातशेती होती. स्वतः सातवीपर्यंत शिकलेले. रेल्वेत वायरमनच्या हाताखाली काम करता करता रेडिओ शिकले आणि पुढे दुकान टाकलं. मी त्यांच्याकडे तीन वर्षं राहिलो. काकी जेवायला वाढायच्या आणि मला मासे नीट खाता येत नाहीत म्हणून हसायच्या. “मुरबाडचा बामन झालास क रं?” कॉलेजच्या फॉर्मवर पालकाची सही लागायची, मुरबाडला जाऊन यायला दिवस मोडायचा, म्हणून काकांनीच सही करायला सुरुवात केली. सही करण्याआधी ते हात धुवायचे.

प्रॅक्टिकलमध्ये मला चांगले मार्क मिळाले ते त्यांच्यामुळे. पुस्तकात ज्याला एक ओळीचं समीकरण होतं ते काका बोटाने दाखवायचे. कॉईलचे वेढे किंचित पसरले की स्टेशन कसं सरकतं, गरम झालेला सेट कसा हळूहळू सूर सोडतो, हे मी त्यांच्या टेबलावर शिकलो. मी पास झालो तेव्हा त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, “आमच्या घरात ग्रॅज्युएट हाय.” आमच्या घरात. त्यांची दोन्ही मुलं शाळेत फार रमली नव्हती. माझ्या डिग्रीचं त्यांना जेवढं कौतुक होतं तेवढं मलाही नव्हतं, आणि पुढे जे झालं त्याचं मूळ त्या कौतुकातच आहे.

नव्वदनंतर केबल आली. गच्चीगच्चीवर डिश उभ्या राहिल्या आणि बिल्डिंगमधून बिल्डिंगमध्ये काळ्या वायरी गेल्या. जुन्या टीव्हींवर सगळी चॅनेलं लागायची नाहीत, म्हणून वायर आणि टीव्ही यांच्यामध्ये एक डबा लावावा लागे. कोणी त्याला कन्व्हर्टर म्हणे, पण बहुतेक जण डबाच म्हणायचे. डोंबिवलीच्या एका शेठनी केबलचा मोठा धंदा उभा केला होता आणि एमआयडीसीतल्या एका गाळ्यात ते स्वतःचे डबे जोडून घ्यायचे. काकांच्या ओळखीने मला तिथे नोकरी लागली. शेठ मला सगळ्यांसमोर ‘आमचे इंजिनिअर’ म्हणायचे. मी इंजिनिअर नव्हतो. मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.

कल्याणकडून दुसरा एक केबलवाला पसरत आला होता. ठाकुर्ली दोघांच्या मध्ये सापडली. त्याचे डबे वेगळे, आमचे वेगळे. प्रत्येकाने आपली चॅनेलं वायरीत आपल्या मर्जीच्या जागी बसवलेली, त्यामुळे एकाचा डबा दुसऱ्याच्या वायरीला चालायचा नाही. भाडेकरू फाटकाच्या या बाजूने त्या बाजूला राहायला गेला की त्याचा डबा निकामी. माणसं तो डबा घेऊन काकांच्या दुकानात यायची आणि काका त्यांना पुन्हा पुन्हा सांगायचे की डबा बिघडलेला नाही, फक्त दुसऱ्याचा आहे.

दोन्ही बाजूंनी एकच डबा वापरावा ही कल्पना काकांची. “वायर कोनाची का आसना, डबा एक पायजे,” असं ते दोन-तीन महिने दोघांच्या मागे लागून सांगत होते. एरवी कोणी ऐकलं नसतं. पण तेव्हा मुंबईहून एक मोठी पार्टी येणार, स्वतःचा डबा आणणार आणि छोट्यांना गिळणार अशी हवा होती. त्या भीतीने दोघं तयार झाले. एक तक्ता करायचा, कुठलं चॅनेल वायरीत कुठल्या जागी ते ठरवायचं आणि दोघांनी तोच पाळायचा, असं ठरलं. काकांनी ठाकुर्लीतल्या चाळीसेक घरांत स्वतः जाऊन सांगितलं, थोडं थांबा, नवा डबा येतोय, दोन्हीकडे चालेल, चित्र चांगलं येईल, शब्द माझा.

तक्ता काकांनीच केला. शाळेच्या वहीचे दोन कागद चिकटवून त्यावर पट्टीने रकाने आखले होते. एक रकाना भरलेला, पुढचा रिकामा, मग पुन्हा भरलेला. मी विचारलं, रिकामे का सोडलेत? त्यांनी मला दुपारी दुकानात बोलावलं. टीव्ही लावला, दोन मॉड्युलेटर जोडले, म्हणजे चॅनेल वायरीत सोडणारी यंत्रं. आधी दोन चॅनेलं लागून लागून बसवली. पडद्यावर बातम्या देणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरून तिरप्या रेघा सरकायला लागल्या. दुसरं चॅनेल एक जागा सोडून बसवलं आणि रेघा गेल्या.

“चालीत दोन खोल्यांच्या मधी पत्रा आसला तर शेजारचं भांडन ऐकू येतं का नाय? तसंच. आपली ही सस्ती यंत्रं म्हंजे पत्रा. मधली एक खोली मोकली ठेवायची.”

मी ते स्वतः मोजूनही बघितलं. काकांचं शंभर टक्के बरोबर होतं. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढच्या माझ्या बोलण्याला अज्ञानाचं निमित्त नाही.

अडचण आमच्या डब्यात होती. आमच्या डब्यात बाराच जागा होत्या, त्याही लागून लागून. मधली एक मोकळी सोडायची म्हटली तर सहाच चॅनेलं उरली असती. कल्याणवाल्याचा डबा जास्त जागांचा होता. म्हणजे काकांचा तक्ता मान्य झाला तर दोघांचा डबा म्हणून कल्याणचाच आला असता आणि गाळ्यात रचून ठेवलेले आमचे डबे भंगारात गेले असते.

बैठकीच्या आदल्या दिवशी शेठनी मला केबिनमध्ये बसवलं. आवाज चढवला नाही. ते कधीच चढवायचे नाहीत.

“अरे, ती मोकळी जागा खरंच लागते काय?”

“लागते, शेठ.”

“थोडी की पुरी?”

मी टेबलावरचा डबा उचलून सरळ ठेवला.

“म्हणजे थोडी,” ते म्हणाले. “बघ, टेन्शन नको घेऊ. भाषण नाय करायचं. कोणी विचारलं तर एवढंच बोलायचं, की आता तशी गरज नाही. एक वाक्य. पुढच्या महिन्यात गाळ्याची सगळी जबाबदारी तुझ्याकडे द्यायचं माझ्या डोक्यात आहेच.”

मुरबाडला वडिलांना पत्र लिहून मी कळवलेलं होतं की लवकरच मॅनेजर होईन. ते पत्र आळीत वाचून दाखवलं गेलं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. त्या दिवशी डोक्यात हे होतं, एवढंच सांगतो.

रविवारी सकाळी गावदेवीच्या देवळामागच्या हॉलमध्ये बैठक झाली. दोन्ही केबलवाले, त्यांची दोन-चार माणसं, सात-आठ बिल्डिंगांचे सेक्रेटरी आणि काका. मधे सतरंजी, कडेला चहाची किटली. सुरुवातीलाच दोघांची जुंपली.

“शेठ, तुमचा डबा आमच्या वायरीला लावला की नुसत्या मुंग्या दिसतात,” कल्याणवाला म्हणाला.

“मग साखर घाला त्यांना.”

“साखर तुम्ही घाला, आम्ही चित्र दाखवतो.”

सेक्रेटरी लोक हसले. काकांनी हात वर केला. “भांडनं घरी जाऊन करा. आधी डबा एक करा.” त्यांनी पिशवीतून तक्ता काढून सतरंजीवर पसरला. खाली त्यांची सही होती, मध्यस्थ म्हणून. मी म्हटलं ना, सही करण्याआधी ते हात धुवायचे. कागदावर कुठे डाग नव्हता.

एका सेक्रेटरींनी विचारलं, “काका, हे मधले रकाने रिकामे का? तेवढीच जास्त चॅनेलं बसतील की.”

काका टीव्ही घेऊन येऊ शकले असते. दुकान हाकेच्या अंतरावर होतं. जे त्यांनी मला दाखवलं ते दहा मिनिटांत सगळ्यांना दाखवता आलं असतं. पण त्यांनी काही आणलं नव्हतं. ते माझ्याकडे वळले आणि त्यांच्या चेहऱ्यावर निकालाच्या दिवशीचंच कौतुक होतं.

“ते आमचा पोऱ्या सांगंल. बी.एस्सी. हाय तो. बोल रं.”

त्यांनी टीव्ही का आणला नाही ते मला तेव्हा कळलं.

मी उभा राहिलो. बसूनही बोलता आलं असतं, पण उभा राहिलो. म्हणालो, “काकांचं म्हणणं जुन्या सेटच्या हिशोबाने बरोबर आहे. पण आता सर्किटं सुधारली आहेत. मोकळी जागा सोडायची तशी गरज नाही.”

शेठनी एक वाक्य मागितलं होतं. मी तीन दिली.

कल्याणवाला हुशार माणूस. त्याने डोळे बारीक केले. “नक्की ना साहेब? काका तर आख्खी दुपार घालवून सांगत होते मला.”

“नक्की,” मी म्हणालो.

मग सगळे काकांकडे बघायला लागले. ते तक्त्याकडे बघत होते. मला वाटलं, आता हे उठतील, टीव्ही आणा म्हणतील आणि माझं खोटं चव्हाट्यावर येईल. खरं सांगायचं तर आतून कुठेतरी तसं व्हावं असंही वाटत होतं. काका म्हणाले, “तो बोलतो तर आसंल. तो शिकलेला हाय. मी आपला हातानं बघून बोलनारा.”

जास्त चॅनेलं बसणार म्हटल्यावर कल्याणवाल्यालाही ते नको नव्हतं. आमचा डबा स्वस्त पडत होता, तोच ठरला. अक्षर बरं म्हणून तक्त्याचे रिकामे रकाने भरायचं काम माझ्याकडे आलं. तिथेच सतरंजीवर बसून मी काकांच्या रकान्यांत चॅनेलं भरली. खालची सही तशीच राहिली. नवा कागद घ्या असं कोणी म्हटलं नाही, मीही नाही. त्याच तक्त्याच्या प्रती काढून प्रत्येक डब्यामागे चिकटवल्या गेल्या आणि त्याला नाव पडलं ‘ठाकुर्लीचा तक्ता’.

महिन्याभरात घराघरांत रेघा आल्या. क्रिकेटच्या मॅचच्या दिवशी काकांच्या दुकानासमोर पंधरा-वीस माणसं उभी होती असं मी ऐकलं. कोणी म्हणालं, “काका, बॅट्समन पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा घालून उतरलाय.” बाकीचे इतकं हसून बोलले नाहीत. शब्द त्यांनी दिला होता. डब्यामागे सही त्यांची होती.

मी दिवाळीत गेलो. नवे कपडे घालून, मिठाईचा बॉक्स घेऊन, गाळ्याचा मॅनेजर. काकांच्या टेबलावर आमच्याच डब्यांची रांग होती. ते एकेक डबा उघडून आत हाताने गुंडाळलेली छोटी कॉईल बसवत होते. शेजारच्या चॅनेलचा त्रास त्याने थोडा कमी होतो, पूर्ण जात नाही. एका डब्याला सहज तासभर लागत असेल.

“बस,” ते म्हणाले. “चा घेशील?”

काकी आतून आल्या, मिठाई घेतली आणि डब्यांकडे मान करून म्हणाल्या, “तुझ्या डिग्रीच्या रेघा पुसतात. सव्वीस घरं झाली. आजून हायत.”

“गप गं,” काका म्हणाले. “त्याला काय म्हाईत व्हतं?”

मला माहीत होतं, हे त्या दोघांनाही माहीत होतं. त्या दुपारी टीव्हीसमोर काका आणि मी शेजारी शेजारी बसलो होतो. तरी त्यांनी ते वाक्य म्हटलं आणि मी चहा प्यायलो. कॉईल गुंडाळू लागायला मला येत होतं, त्यांनीच शिकवलेलं. बाही वर करून बसलो असतो तर दोन डबे तरी झाले असते. मी घड्याळ बघितलं आणि निघालो. त्यानंतर ठाकुर्लीला जाणं मी टाळायला लागलो. वर्षभरात शेठची नोकरी सोडली आणि ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात लागलो. शेठचं चुकीचं काम सोडून आलो, असं मी तिथे काही जणांना सांगितलंही. माझ्या निर्लज्जपणाची ही आणखी एक पायरी.

तिथेच एकदा दुपारी चहाच्या टपरीवर कल्याणचा केबलवाला भेटला. आता चॅनेलं वाढली होती, दोघं पुन्हा बसून नवा तक्ता करणार होते.

“या वेळी काकांना बोलवायचं नाही असं ठरवलंय,” तो म्हणाला. “माणूस देव आहे हो, पण मागच्या खेपेला त्यांच्या तक्त्यानेच वाट लावली. आता कुणीतरी शिकलेला बघतो. तुम्ही येता का?”

रकाने कोणाच्या सांगण्यावरून भरले ते तो विसरला होता, काकांची सही तेवढी लक्षात होती. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. टपरीवर आम्ही दोघं आणि चहावाला, एवढेच होतो. मी म्हणालो, “बघतो. रजा मिळाली तर.”

त्या बोलण्याने मात्र मला खोलीवर स्वस्थ बसू दिलं नाही. जे त्यांना येत होतं आणि मला त्यांच्याकडून आलं होतं, त्यासाठी आता त्यांना वगळून मला बोलावणं आलं होतं. दोन दिवसांनी मी काकांना पत्र लिहिलं. त्याच्या आणखी दोन प्रती करून एक शेठना आणि एक कल्याणला पाठवली. पुढे कळलं ते एवढंच की कल्याणवाल्याने ते बैठकीत मोठ्याने वाचलं, कोणीतरी काकांना घरून बोलावून आणलं आणि त्या वेळी मधले रकाने रिकामे राहिले. काकांनी मला पत्राबद्दल कधी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. आजही आम्ही भेटलो की तब्येतीबद्दल बोलतो.

पत्राची कार्बन कॉपी माझ्याकडे आहे. त्यात एक वाक्य मी स्वतःची बाजू घेणारं लिहिलं आहे. ते वाचताना आता कानकोंडं व्हायला होतं. उतरवताना ते गाळायचा मोह झाला, पण गाळलेलं नाही.

तीर्थस्वरूप काकांस,

साष्टांग नमस्कार. काकींनाही नमस्कार सांगावा.

हे पत्र मी फार आधी लिहायला हवं होतं. डब्याच्या तक्त्यासाठी देवळामागे बैठक झाली तेव्हा मी सर्वांसमोर सांगितलं की दोन चॅनेलांच्या मध्ये मोकळी जागा सोडायची गरज नाही. ते खोटं होतं. तुम्ही मला दुकानात रेघा दाखवल्या होत्या. मी त्या स्वतः मोजल्याही होत्या. गरज आहे हे मला पूर्ण माहीत होतं. आमच्या गाळ्यातले डबे वाया जाऊ नयेत म्हणून मी तसं बोललो. शेठनी मला तसं बोलायला सांगितलं होतं आणि माझी नोकरी त्यांच्या हातात होती, हेही आपण लक्षात घ्यावं.

तुमच्या तक्त्यातले रिकामे रकाने मी माझ्या हाताने भरले. खाली सही तुमची होती. लोक ज्याला ठाकुर्लीचा तक्ता म्हणतात आणि शिव्या देतात तो तुमचा नाही, माझा आहे. तुम्ही केलेला तक्ता बरोबर होता आणि आजही बरोबर आहे.

या पत्राच्या प्रती मी दोन्ही केबलवाल्यांना पाठवत आहे. त्यांनी त्या नव्या बैठकीत वाचाव्यात अशी विनंती केली आहे. मला बैठकीला बोलावलं आहे, पण त्या जागी बसण्याचा मला हक्क नाही. तुम्ही बसावं. ज्या घरांना तुम्ही शब्द दिला होता त्यांनाही हे पत्र दाखवायला माझी हरकत नाही. कोणाला खात्री करायची असेल तर मी रजा काढून येईन आणि लोकांसमोर हेच तोंडाने सांगेन.

दिवाळीत तुम्ही काकींना म्हणालात की मला माहीत नव्हतं. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. तुम्ही खोटं बोललेलं मी तेवढं एकदाच ऐकलं आहे आणि तेही माझ्यामुळे.

ज्या डब्यांत कॉईल बसवायची राहिली असेल ते मला पाठवावेत किंवा मी रविवारी येऊन बसवीन. आपण नको म्हणालात तर येणार नाही.

आपला,
पाठच्या खोलीत राहिलेला